पॅड किती वेळा बदलावं लागतं?

मी टेक्सासमध्ये एका वकिलाच्या ऑफिसात आहे, माजी सैनिकांचे डिसॅबिलिटी क्लेम बघते. मध्यंतरी एक आजोबा बायकोला घेऊन आले, व्हिएतनामला जाऊन आलेले, हातात व्हीएचं, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याचं, पत्र. प्रोस्टेटचा कॅन्सर होता, ऑपरेशन झालं, आता रिपोर्ट क्लीन, आणि पत्रात म्हटलंय की १०० टक्के रेटिंग (अपंगत्व किती धरायचं तो आकडा, भरपाई त्यावरच ठरते) २० वर आणायचा प्रस्ताव आहे. आजोबा जाम चिडलेले, "बरा झालो हा गुन्हा आहे का?"

आता नियम असा की कॅन्सर ॲक्टिव्ह आहे तोवर १००, ट्रीटमेंट संपल्यावर सहा महिन्यांनी तपासणी, आणि तेव्हा कॅन्सर नसेल तर मागे काय त्रास उरलाय त्यावर रेटिंग. (कॅन्सर फौजेतल्या नोकरीमुळे झाला हे त्यांना सिद्ध करावं लागलं नव्हतं, युद्धात फवारलेल्या एजंट ऑरेंज या तणनाशकामुळे व्हिएतनामवाल्यांचा प्रोस्टेट कॅन्सर १९९६ पासून धरूनच चालतात.) म्हणजे १०० जाणारच होतं, ते मी सरळ सांगून टाकलं, खोटी आशा लावणं मला जमत नाही. पण २० काही पटेना, कारण आल्या आल्या त्यांनी टॉयलेट कुठे ते विचारलेलं आणि एवढ्या उन्हाळ्यात कमरेला जाड जॅकेट गुंडाळलेलं.

फाइल काढली तर तपासणीच्या फॉर्मवर लिहिलंय, लघवी गळते म्हणून लावायचं पॅड दिवसातून एकदा. मी सातारची, आमच्याकडे घरोघरी फौजी, सगळे असेच, गुडघा कामातून गेला तरी "काय नाय झालं" म्हणणार. म्हटलं, सर, खरंच एकदाच बदलता? ते गप्प. मग बायकोच बोलली, "पाच वेळा तरी, खोकला असला की सहा-सात. मी गादीवर प्लास्टिक घालते. चर्चला यायचं बंद केलंय यांनी."

आजोबांचे कान लाल झाले. म्हणाले, "नातीच्या वयाची डॉक्टर होती, तिला काय सांगणार होतो मी?"

मला इतकं वाईट वाटलं! मी त्यांना कागदावर लिहून दाखवलं, दिवसाला दोनपेक्षा कमी पॅड तर २०, दोन ते चार तर ४०, चारच्या वर ६०. ज्याची लाज वाटतेय तेच मोजतात हो इथे.

पुरावे द्यायला पत्राच्या तारखेपासून ६० दिवस असतात, सुनावणी हवी तर ३० दिवसांत मागायची. बायकोने माझ्या टेबलावरच जबाब लिहायला घेतला, महिन्याला किती पाकिटं लागतात, कुठे कुठे जाणं सोडलं, सगळं. आजोबा आधी तोंड फिरवून बसलेले, मग हळूच कागद ओढला, वाचला, आणि पेन घेऊन दुरुस्ती केली, रात्री दोनदा नाही, तीनदा उठतो. युरॉलॉजिस्टची नोट पण मिळाली, सगळं मुदतीत पाठवलं.

निकाल ६० टक्क्यांचा लागला. आजोबांचा फोन आला, थँक्यू वगैरे झालं आणि मग म्हणाले, "माझ्या तुकडीतला एकजण आहे, त्याचंही सेम ऑपरेशन झालंय, तोही कुणाला काही सांगत नाही. त्याच्या बायकोला घेऊन येतो तुमच्याकडे."