जगाची पाठ, खापराची पाठ

कुंदा, म्हणजे दूध आटवून केलेली मिठाई, बांधून देताना बेळगावचा दुकानदार पाहुण्याला हमखास ऐकवतो, "जगाच्या पाठीवर कुठं बी जावा की ओ, असला कुंदा मिळायचा न्हाई." पाहुणा मान डोलवतो. जगाला पाठ कुठून आली, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही.

विचारलंच तर उत्तर ठरलेलं: पृथ्वी कासवाच्या पाठीवर आहे ना, त्यावरून. पण मग ती पाठ कासवाची झाली, जगाची नव्हे. शिवाय पुराणांतला शेष पृथ्वी फण्यावर धरतो आणि वराह ती सुळ्यावर उचलतो. खानापूर तालुक्यातल्या हलशीला भूवराह-नरसिंहाचं देऊळ आहे, ते याच वराहाचं. या सगळ्या कथांत भार वाहणारा खाली आणि पृथ्वी वर. आपल्या शब्दप्रयोगात मात्र जग खाली आणि आपण वर.

खरं उत्तर शब्दातच आहे. पाठ आली 'पृष्ठ'वरून. संस्कृतात पृष्ठ म्हणजे प्राण्याची पाठ, तसंच कुठल्याही वस्तूची वरची बाजू. मुंडक उपनिषदात 'नाकस्य पृष्ठे' आहे, तिथे नाक म्हणजे स्वर्ग; स्वर्गाच्या माथ्यावर, असा अर्थ. भूपृष्ठ हाही त्यातलाच. म्हणजे 'जगाच्या पाठीवर' हे 'भूपृष्ठावर'चंच घरगुती रूप. पुस्तकाचं पान तेही पृष्ठ. विज्ञानाच्या तासाला 'पृष्ठभाग' म्हटलं की मागच्या बाकावर खसखस पिकते, तो दोषही या शब्दाच्या दोन अर्थांचाच. (शाळेतला 'तो पाठ' वेगळा, तो पठणातला. 'ती पाठ' ही अशी.)

वरची, बाहेर फुगलेली बाजू म्हणजे पाठ, हे बघायचं तर मांडे करतात तिथे उभं राहावं. चुलीवर खापर उपडं घातलेलं असतं आणि मांडा भाजतो तो खापराच्या पाठीवर. कणीक चांगली तिंबून, मुरवून घेतलेली लागते. न मुरलेली कणीक ताणताना मधोमध फाटते आणि मग ठिगळ लावून भागत नाही. लाटलेली पोळी दोन्ही हातांवर, पार कोपरापर्यंत घेत, फिरवत फिरवत वाढवायची आणि एका झटक्यात खापरावर पसरायची. खापर कमी तापलं तर मांडा चिवट होतो, जास्त तापलं तर काळे डाग पडतात. भाजताच वर पिठीसाखर, खसखस, वेलदोड्याची पूड पेरून गरम असतानाच घडी घालायची. जरा उशीर झाला की तो कडक होतो आणि घडीवर मोडतो. मग वाढायचा म्हणजे कोमट दूध आणि तूप घालून, कुस्करून. इतकं नाजूक काम सपाट तव्यावर का करत नाहीत? गोलाव्यावर पोळी स्वतःच्या वजनाने चारी बाजूंनी खाली ओढली जाते आणि ताणलेली राहते.

आर्यभटाला पृथ्वी जवळपास अशीच दिसली होती, फक्त उपडी अर्धी नव्हे, सबंध गोल. इसवी सन 499 च्या सुमाराच्या 'आर्यभटीया'त तो म्हणतो की कदंबाचा गोंडा जसा सगळीकडून फुलांनी भरलेला असतो, तसा भूगोल सगळीकडून जलचर आणि स्थलचर प्राण्यांनी वेढलेला आहे. म्हणजे त्याला खालची बाजूच नाही, सगळी पाठच! (हलशी ही एका काळी कदंबांची राजधानी. त्या घराण्याचं नाव त्याच झाडाशी जोडतात.)

'जगाच्या पाठीवर' वापरताना लोक चुकतात ते दोन ठिकाणी. हा शब्दप्रयोग शोधाचा आहे. त्याला 'कुठेही', 'कुठेच नाही', 'असेल तिथून' असं काही पुढे लागतं. 'जगाच्या पाठीवरील लोकसंख्या' हे सरकारी मराठी. तिथे नुसतं 'जगाची' पुरे. दुसरं, 'संपूर्ण जगाच्या पाठीवर'. पाठ अर्धी असते का?

आणि 'पाठीवरची बहीण' ऐकून नवख्याने घोटाळ्यात पडू नये. तिथे पाठ म्हणजे मागाहून येणं: माझ्यानंतर जन्मलेली, ती पाठीवरची. निपाणीकडे एखादी आजी तिला हाक मारते, "ये गं, मांडा गार हुतोय."