तुम्ही विचारलंत म्हणून: धर्माचा रकाना

"मावशी, खरं सांगा, तुम्ही त्या पोरांना ख्रिश्चन करता ना?"

हा प्रश्न मला झेरॉक्सवाला विचारतो, आमच्या इमारतीतल्या काकू विचारतात, आणि पोरांच्या आया तर पायातल्या चपला न काढता दारातूनच विचारतात. कुणी आधी "वाईट वाटून घेऊ नका हं" म्हणतं, कुणी तेवढंही म्हणत नाही. परवा तुम्हीही विचारलंत, तेही रिक्षात, आणि तोवर माझं घर आलं. म्हणून आता सवडीने लिहिते.

मी 31 वर्षं शाळेत क्लार्क होते. जनरल रजिस्टर माझ्या ताब्यात असायचं. मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आणि धर्म-जातीचा रकाना. पहिलीत घालताना बाप जे सांगेल ते त्या रकान्यात जातं आणि पुढे जन्मभर त्या पोराच्या मागे मागे फिरतं. त्यामुळे धर्माकडे मी आधी क्लार्क म्हणून बघते, मग ख्रिस्ती म्हणून. माझ्या स्वतःच्या दाखल्यावर ख्रिश्चनच लिहिलेलं आहे. आम्ही नगरकडचे, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. धर्म मी काही निवडला नव्हता, घरातल्या पितळेच्या डब्यांसारखा तो मला मिळाला. घासून लख्ख करायची अक्कल फार उशिरा आली, ते सोडा.

रिटायर झाल्यावर आम्ही चौघांनी चर्चच्या आवारातली एक खोली मागून घेतली. पूर्वी तिथे मोडक्या खुर्च्या असायच्या. पुणे स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. दर शनिवारी दुपारी 3 ते 6. ताडीवाला रोड, मंगळवार पेठ, येरवडा अशा ठिकाणची पोरं येतात. कुणी डिलिव्हरी करतं, कुणी केटररकडे वाढप्या, कुणी नुसतंच नाक्यावर. एक-दोघांवर केस आहे. कोयता हातात धरून रील टाकलं, लाइक मिळायच्या आधी पोलीस दारात. मग तारखेला शिवाजीनगर कोर्टात जायचं, खाडा झाला की काम जातं, काम गेलं की परत नाका. पैसा कुठून येतो हेही तुम्ही विचारणारच होतात. परदेशातून एक रुपया नाही. चर्चमधल्या काही घरांचं अर्पण आणि माझ्या पेन्शनचा थोडा भाग, तोही बहुतेक पोहे, झेरॉक्स आणि बसभाड्यात संपतो.

पोरं येतात ती देव शोधायला नाही, दाखला शोधायला. बहुतेक आठवी-नववीत सुटलेली. दहावी बाहेरून द्यायची तर 17 नंबरचा फॉर्म भरावा लागतो, आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, मूळ प्रत. ती हरवली असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र. पोराला विचारलं "दाखला कुठे?", तर "शाळेतच असेल" म्हणतो. शाळेत गेलं की तिथला माणूस "फी बाकी आहे" म्हणतो. एका शाळेत मी चार वेळा गेले. साहेब चारही वेळा मीटिंगमध्ये. पाचव्या खेपेला मी माझा जुना चष्मा लावला, क्लार्कच्या आवाजात रजिस्टरचा अनुक्रमांक विचारला, आणि वीस मिनिटांत दाखला हातात. त्या पोराने तो दाखला शर्टाच्या आत पोटाशी धरून घरी नेला, बाहेर ऊन असताना. आधारवर जन्मतारीख वेगळी आणि दाखल्यावर वेगळी, हे तर इतकं नेहमीचं की त्याचा रागही येत नाही.

अठरा वर्षांखालचं कुणी घरातून पळून आलेलं असेल तर आम्ही त्याला ठेवून घेत नाही. 1098 ला, म्हणजे मुलांच्या मदतीच्या सरकारी नंबरला, फोन. 24 तासांच्या आत कळवायचं असा कायदा आहे, आणि तो बरोबर आहे. व्हाइटनर किंवा पंक्चरचं सोल्युशन हुंगणारा आला तर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा रस्ता दाखवतो. डॉ. अनिता अवचटांनी 1986 साली सुरू केलेली ती जागा पुण्यात आहे, हे या शहराचं भाग्य. व्यसन प्रार्थनेने सुटतं म्हणणारे आमच्यातही आहेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पोराला बसमध्ये बसवून देते.

आता प्रार्थनेचं. सुरुवातीला आमची पद्धत अशी की आधी प्रार्थना, मग पोहे. आमच्या घरांतून तसंच असतं, खाण्याआधी आभार मानायचे. महिन्याभरात पोरं इतकी भक्तिमान झाली की पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंना, भरून आलं. एकजण तर असं दणदणीत "आमेन" म्हणायचा की बाहेरचं कुत्रं भुंकायला लागायचं. मग एका शनिवारी गॅस संपला. पोहे नाहीत. प्रार्थनेला दोघं उरले, त्यातला एक झोपलेला. घरी जाताना मी पाळकसाहेबांना म्हटलं, "साहेब, आपण प्रार्थनेचा भाव काढलाय, बशीला एक." ते दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. पण पुढच्या शनिवारपासून क्रम बदलला. आल्या आल्या पोहे, मग कागदपत्रं, आणि साडेपाचला ज्याला बसायचं त्याने बसावं. दार उघडं असतं, आत यायलाही आणि बाहेर जायलाही.

पुण्याला हे प्रकरण नवं नाही. 1890 साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहाचे पेले पुढे आले, त्यावरून टिळक-रानड्यांसारख्यांच्या मागे प्रायश्चित्ताचं झेंगट लागलं, तिथे माझे पोहे कोण सोडणार! पण मला जास्त आठवतात त्या पंडिता रमाबाई. 1889 साली मुंबईत काढलेलं शारदासदन त्यांनी पुढच्या वर्षी पुण्यात आणलं. विधवा मुलींना शिकवायचं, त्यांच्या धर्मात हात घालायचा नाही, असं ठरलेलं. बाई स्वतः ख्रिस्ती. आपली प्रार्थना आपल्या खोलीत करायच्या, पण दार लावून घ्यायच्या नाहीत, आणि मुली येऊन बसायच्या. 1893 मध्ये त्यावरून असं वादळ उठलं की रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. त्या मुलींच्या बापाच्या जागी असते तर मीही माझी मुलगी नेली असती कदाचित. आणि रमाबाईंच्या जागी असते तर दार लावलं नसतं. या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी खऱ्या वाटतात, आणि त्यांचा मेळ मला घालता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी एक पोरगा नवा शर्ट घालून आला. एकोणीस वर्षांचा, मातंग समाजातला. 17 नंबरने दहावी सुटलेला, आयटीआयला प्लंबरच्या ट्रेडला नाव लागलेलं. म्हणाला, "मावशी, बाप्तिस्मा घ्यायचाय."

"का रे?"

"तुमचं देणं राहिलंय."

मी त्याला बसवलं आणि आधी क्लार्क म्हणून बोलले. म्हटलं, तुझा दाखला सांगतो हिंदू मांग, म्हणजे अनुसूचित जात. 1950 च्या आदेशाप्रमाणे हा दर्जा हिंदूंना, मग 1956 साली शिखांना मिळाला, 1990 साली बौद्धांना. ख्रिस्ती झालास तर तो जातो, आणि त्याच्यासोबत शिष्यवृत्ती आणि फीची सवलतही. आम्हाला तो अन्याय वाटतो, पण आज नियम तो आहे. लोक म्हणतात आम्ही आमिष दाखवतो. अहो, आमिष कसलं, इथे उलट खिशातून जातं.

तो गप्प. पाळकसाहेब कोपऱ्यात हिशेब लिहीत होते. वर न बघता म्हणाले, "देणंच फेडायचं असेल तर मागचा नळ सहा महिने गळतोय." पोरगा गेला, वायसर आणि टेफ्लॉन टेप घेऊन आला, आणि उकिडवा बसून वीस मिनिटांत नळ बसवून दिला. नवा शर्ट मात्र भिजला. बाप्तिस्म्याचं त्याने पुन्हा काढलं नाही. आम्हीही नाही.

मग कुणीच ख्रिस्ती झालं नाही का? झाले. नऊ वर्षांत दोघं. दोघंही सज्ञान, दोघांनाही वर्षाच्या वर थांबवलेलं, आणि घरी आईला सांगितल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही ही माझी अट. मला आनंद झाला, तो लपवत नाही. जे मला खरं वाटतं ते दुसऱ्याला पटलं तर वाईट का वाटावं? सुप्रीम कोर्टाने 1977 सालीच सांगून ठेवलंय की धर्माचा प्रचार करण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा नाही. दुसऱ्याचं मन पालटणं आपल्या हातात असतं तर आमच्या ह्यांची तंबाखू केव्हाच सुटली असती.

शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. दहा जण बरे झाले, आभार मानायला एकच परत आला, तोही परक्या शोमरोनी लोकांतला. त्यावर मी पुष्कळ उपदेश ऐकलेत, सगळे त्या एकावर. पण उरलेल्या नऊ जणांचा रोग येशूने परत आणला नाही, हे मला व्यासपीठावरून कुणी सांगितलेलं आठवत नाही. आमच्याकडे शनिवारी जे येतात ते बहुतेक त्या नवातले.

एक मात्र कबूल करते. सगळं काम दाखल्याने होत नाही. गेल्या पावसाळ्यात एका पोराचा मित्र रुळांवर गेला. गेला की पडला, कुणाला कळलं नाही. हा पोरगा शनिवार नसताना, रात्री नऊला, भिजून चर्चच्या पायरीवर येऊन बसला. वॉचमनने मला फोन केला. मी गेले तर त्याने एकच विचारलं, "मावशी, तो आता कुठं असेल?"

रविवारच्या शाळेत मी लहान मुलांना याचं उत्तर पाठ करून घेते. त्या पायरीवर ते तोंडातून फुटेना. मी नुसती शेजारी बसले. थोड्या वेळाने पाळकसाहेब पेटी घेऊन आले आणि ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक यांचा एक अभंग हळू आवाजात म्हणू लागले. पोराला शब्द येत नव्हते, पण अभंगाची चाल त्याच्या रक्तात होती, आजोबा वारीला जायचे त्याचे. गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला होता. मग तो बाकावरच झोपला. त्या रात्री आम्ही त्याला ख्रिश्चन केलं का? तुम्हीच ठरवा, मला रकाना सापडत नाही.

गेल्या शनिवारी तो नळवाला आला होता, सोबत एक नवा पोरगा घेऊन. त्याचा दाखला बीडच्या शाळेत अडकलाय. साडेपाच वाजले तसे नळवाला सवयीप्रमाणे उठून बाहेर गेला. नवा बावरलेला, बशी हातात धरून दारात उभा. खिडकीतून ऐकू आलं, "अरे खा ना. आता ते डोळे मिटतील. तू मिटलेच पाहिजेत असं काय नाय. पण बशी वाजवू नको."