बर्निंग मॅनमध्ये कलाकारांसाठी सोलर: २०२५चा वृत्तांत आणि जाणाऱ्यांसाठी टिपा

ऑगस्ट २०२५च्या बर्निंग मॅनला मी नुसती बघायला नाही, तर एका कलाकार मैत्रिणीचं इन्स्टॉलेशन सोलरवर चालवायला गेले होते. आल्यापासून बे एरियातले (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचे) आणि भारतातलेही बरेच जण विचारतायत की तिथे नक्की काय काम असतं, आम्हालाही करता येईल का, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८६ला सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवर सुरू झालेला हा उत्सव १९९०पासून नेवाडातल्या ब्लॅक रॉक डेझर्टमध्ये भरतो. तिथे वाळू नाही, एका आटलेल्या प्रचंड तळ्याचा सपाट पांढरा तळ आहे, त्याला सगळे प्लाया म्हणतात. लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आधीच्या आठवड्यात तिथे ७० हजारांच्या आसपास माणसं राहतात, आणि वायर जोडायला विजेचा एक खांबही नाही. भर मैदानात शेकडो कलाकृती उभ्या असतात आणि रात्री प्रत्येक कलाकृतीवर दिवा हवाच हा नियम आहे, कारण अंधारात सायकली सुसाट येतात. आता ही वीज आणायची कुठून, तर वर्षानुवर्षं उत्तर एकच, जनरेटर. २००७ला 'ग्रीन मॅन' थीम होती तेव्हा सोलरचा मोठा प्रयोग झाला, त्यातून ब्लॅक रॉक सोलर ही संस्था उभी राहिली आणि ते पॅनल नंतर शेजारच्या गर्लाक गावच्या शाळेला दिले गेले. २०१९ला आयोजकांनी २०३०पर्यंत कार्बन निगेटिव्ह व्हायचं, म्हणजे सोडतो त्याहून जास्त कार्बन हवेतून काढायचा, असं जाहीर केलं. आता 'रिन्युएबल्स फॉर आर्टिस्ट्स टीम' नावाचा स्वयंसेवकांचा गट कलाकारांना या कामात मदत करतो, नवीन असाल तर आधी त्यांना गाठा.

पण खरं काम प्लायावर होतच नाही, ते होतं दोन महिने आधी कलाकाराच्या वर्कशॉपमध्ये. माझी मैत्रीण ऑकलंडची, लाकूडकाम करते. तिची कलाकृती म्हणजे पुरुषभर उंचीच्या लाकडी शेंगा, आतून उजळणाऱ्या, त्यात मिळून ६०० एलईडी पिक्सेल, म्हणजे पट्टीवरचे छोटे छोटे रंगीत दिवे. तिच्या डोक्यात २००० वॅटचा जनरेटर पक्का होता कारण मागे एकाने तिला तसंच सांगितलेलं. आता हिशोब बघा. या ५ व्होल्टच्या स्ट्रिपमधला एक पिक्सेल पूर्ण पांढरा पेटला की साधारण ०.३ वॅट खातो, म्हणजे ६०० पिक्सेलचे १८० वॅट, आणि ऑगस्टअखेर तिथे रात्र धरायची ११ तासांची, म्हणजे एका रात्रीला जवळजवळ २००० वॅट-तास. हा आकडा ऐकला की कोणीही जनरेटरकडेच पळेल.

म्हणून आम्ही शेड बंद करून पूर्ण अंधार केला आणि ब्राइटनेस हळूहळू खाली आणत गेलो. २५ टक्क्यांवर आल्यावर तीच म्हणाली थांब, हेच जास्त छान दिसतंय, लाकडाच्या रेषा आत्ता दिसायला लागल्या. डोळ्याला चौथाई प्रकाश म्हणजे चौथाई उजेड असं वाटत नाही, फरक खूप कमी जाणवतो, आणि प्लायावर शहराचा उजेडही नसतो. पांढऱ्याऐवजी तिला तसाही मधाळ पिवळा हवा होता, त्यात निळा डायोड जवळपास बंदच, म्हणजे आणखी बचत. कंट्रोलर आणि कन्व्हर्टरचा तोटा धरून सगळं मिळून ३० वॅटच्या आसपास आलं. रात्रीचे ३३० वॅट-तास! १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासाच्या एका लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत १२८० असतात, म्हणजे ऊन अजिबात नाही मिळालं तरी तीन रात्री निघतात. आणि २०० वॅटचं एक पॅनल, रोजचं ६ तास चांगलं ऊन आणि धूळ-उष्णतेने जाणारे ३० टक्के वजा धरून, दिवसाला ८४० परत भरतं. लोकं मला पहिला प्रश्न विचारतात की किती मोठी बॅटरी घेऊ. माझं सांगणं एकच, आधी कलाकाराशेजारी अंधारात बसा, लोड खाली आणा, मग बॅटरीचं बोला. आणि हे त्याच्यावर लादायचं नाही, डोळ्याने बघून त्यालाच ठरवू द्यायचं. काम त्याचं आहे.

जाण्याचा रस्ता: रीनोवरून पुढे वॉड्सवर्थला हायवे सोडून ४४७ नंबरचा रस्ता धरायचा, पिरॅमिड लेक पायुट लोकांच्या जमिनीतून जातो, तिथे स्पीड लिमिट अगदी काटेकोर पाळा आणि वाटेत त्यांच्या स्टॉलवर थांबून खा, चांगलं असतं. पेट्रोल रीनो सोडतानाच फुल करा. पाणी माणशी दिवसाला दीड गॅलन, म्हणजे साधारण पावणेसहा लिटर. गेटवरच्या रांगेत कित्येक तास जाऊ शकतात. भारतातून येणाऱ्यांनी बॅटरी आणायचा विचारही करू नका, प्रवाशाला विमानात १६० वॅट-तासांच्या वरची लिथियम बॅटरी नेताच येत नाही. इथे आल्यावर कोणाची तरी उसनी मिळते.

पोचल्यावर आधी आर्टरीला जायचं, तिथे कलाकारांची नोंदणी होते आणि जागा दाखवतात. आम्ही उभारणीत असतानाच शनिवारी, २३ तारखेला, मोठं धुळीचं वादळ आलं. युक्रेनच्या ओलेक्सी साई यांचा 'ब्लॅक क्लाउड' हा हवा भरलेला भलामोठा काळा ढग त्या दिवसांतल्या वादळी वाऱ्याने फाडला, फार वाईट वाटलं. त्यांच्या मेहनतीपुढे आमचं काहीच नव्हतं, पण आमचं पॅनल टिकलं ते फक्त अँकरमुळे. पॅनल म्हणजे शिडाची नाव समजा, वाऱ्याला धरायला मिळालं की उचललंच. त्यामुळे १५-२० अंशांपेक्षा जास्त तिरकं करू नका, अगदी आडवंही ठेवू नका कारण मग धूळ बसूनच राहते. अँकरसाठी फूटभर लांबीचे जाड लॅग स्क्रू आणि ते जमिनीत पिळायला इम्पॅक्ट ड्रायव्हर, त्यांना साखळीचा तुकडा, साखळीला फ्रेम. तंबूचे खुंटे तिथे कामाचे नाहीत. निघताना हेच स्क्रू ड्रायव्हर उलटा फिरवून अलगद निघतात, जमिनीत काहीही राहता कामा नये.

मग पाऊस आला. प्लाया ओला झाला की त्याचा चिकट गारा होतो, बुटाला थरावर थर चढतो, सायकलचं चाक फिरत नाही, गाडी चालवायची तर बंदीच. गेटही अधूनमधून बंद ठेवलेलं. २०२३ला तर लोकं दिवसचे दिवस अडकली होती आणि मॅनचं, म्हणजे उत्सवात जाळतात त्या मोठ्या पुतळ्याचं, दहन शनिवारचं सोमवारवर गेलं होतं. आणि इथे मला सोलरची सगळ्यात मोठी बाजू कळली जिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. जनरेटरला रोज कोणीतरी पेट्रोल नेऊन ओतावं लागतं, आणि चिखलात लांब मैदानात जाणार कोण? आमच्या जवळपासच्या काही कलाकृती त्या रात्री अंधारात होत्या. आमच्या शेंगा मात्र उजळत होत्या, कारण तिथे कोणी जायची गरजच नव्हती. म्हणून साठवण कमीत कमी दोन रात्रींची ठेवा, ढग असले तर पॅनल फार कमी देतं.

वादळानंतरची सकाळ सांगते. साडेनऊच्या सुमाराला मी मोबाइलवर एमपीपीटी कंट्रोलरचं (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारं यंत्र) अ‍ॅप उघडलं तर ९२ वॅट. आकाश स्वच्छ. पॅनलवर बोट फिरवलं तर पांढऱ्या पिठासारखी धूळ, बोटाची रेघ उमटली. मऊ कोरड्या ब्रशने वरून खाली एकच हात मारत गेले आणि मैत्रीण फोन धरून मोठ्याने आकडे वाचत होती, १०४, ११५, १३१. पाणी वापरू नका, या अल्कधर्मी धुळीचा लेप तयार होतो आणि तो वाळला की निघता निघत नाही. रोज सकाळी पाच मिनिटं ब्रश, बस्स.

वायरिंगबद्दल थोडं, कारण इथेच बरेच जण अडकतात. इन्व्हर्टर टाळा, तो नुसता चालू राहायलाच दहा-वीस वॅट खातो, आणि आपला पूर्ण लोडच ३० वॅट आहे. बाजारातल्या तयार पॉवर स्टेशनमध्येही हाच प्रश्न, वर त्यांचा पंखा धूळ आत ओढतो. एलईडीला डीसीवरच चालवा. कलाकारांना पॅनल कलाकृतीला खेटून नको असतं, आणि ते बरोबरच आहे. तर ते चाळीस फुटांवर ठेवा, पॅनल दोन असतील तर सीरिजमध्ये जोडा म्हणजे व्होल्टेज वाढतं, आणि लांब केबल पॅनलच्या बाजूला येऊ द्या. बॅटरी मात्र दिव्यांच्या जवळ, कारण ५ व्होल्ट लांब नेले की शेवटचे पिक्सेल लालसर पडतात. बॅटरीच्या पॉझिटिव्हला अगदी चिकटून फ्यूज हवाच हवा, यात तडजोड नाही. पेटी सावलीत ठेवा, आत फार तापलं की बॅटरीचं बीएमएस (तिच्या आतलं संरक्षणाचं सर्किट) चार्जिंग बंद करून टाकतं आणि रात्री कळतं. सुरक्षेचे दिवे वेगळ्या छोट्या बॅटरीवर ठेवा, म्हणजे मुख्य यंत्रणा पडली तरी सायकलवाला येऊन आदळणार नाही. आणि केबल जमिनीवर उघडी सोडू नका, रात्री माणसं कलाकृतीकडे बघत चालतात, पायाकडे नाही.

बुधवारी, २७ तारखेला, गणेशचतुर्थी होती. कॅम्पमध्ये सुपारीचा गणपती मांडला, गूळखोबऱ्याचा नैवेद्य, आणि शेजारचे सगळे आरतीला टाळ्या वाजवत उभे राहिले. तेव्हा पुण्यातल्या आमच्या मंडळाची रोषणाई आठवलीच. भाद्रपदात ऊन भरवशाचं नसतं त्यामुळे तिथे सोलरचं गणित वेगळं, पण ब्राइटनेस अर्ध्यावर आणून बघायला कोणत्याच मंडळाला काही खर्च नाही.

परत येताना प्रत्येक झिप टायचा तुकडा वेचायचा, ते तर तिथे सगळेच करतात. पॅनल काचेला काच लावून मध्ये पुठ्ठा घालून बांधा. घरी आल्यावर कनेक्टर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसून घ्या, नाहीतर धूळ पुढच्या वर्षापर्यंत गंज आणते. तेच पाणी टाचांच्या भेगांनाही लावा, फार आराम पडतो. बॅटरी अर्धी भरून ठेवा, पूर्ण भरून वर्षभर ठेवू नका. आणि लोडचा कागद जपून ठेवा, कोणता दिवा किती वॅट, किती तास, प्रत्यक्षात किती खाल्लं. मैत्रिणीने तिचा कागद शेजारच्या एका कलाकाराला दिलाय, तो पुढच्या वेळी जनरेटर न आणायचं म्हणतोय.