एकच नाव, पाणी वेगळं

आज दुपारभर नकाशाच बघत बसले. खास काही शोधायचं नव्हतं, सहज बोस्टन टाइप केलं तर दोन निघाली, एक अमेरिकेतलं सगळ्यांना माहीत असलेलं आणि दुसरं इंग्लंडात, लिंकनशायरमध्ये विदम नदीवर, आणि मग त्यातून सुटकाच होईना.

थोरलं बोस्टन म्हणजे इंग्लंडातलं. तेराव्या शतकात इथून लोकर जहाजं भरभरून युरोपात जायची, देशातल्या मोठ्या बंदरांत गणती होती त्याची. मग नदीत गाळ साचत गेला, मोठी जहाजं आत येईनात, व्यापारानेही वाट बदलली. मागे राहिला तो चर्चचा ऐंशी मीटरच्या आसपास उंच मनोरा, ज्याला लोक चक्क स्टंप, म्हणजे खुंट, म्हणतात! याच चर्चचे धर्मगुरू जॉन कॉटन १६३३ मध्ये समुद्र ओलांडून धाकट्या बोस्टनला गेले, जे तीनच वर्षांपूर्वी वसलेलं. आता या धाकट्याने काय करावं, तर आपणहून पाण्यात भराव टाकला. बॅक बे हा तिथला आजचा महागडा भाग म्हणजे मुळात भरतीचं पाणी शिरणारी चिखलाची जागा, एकोणिसाव्या शतकात रेल्वेने खडी आणून आणून ती बुजवली. म्हणजे एकाचं पाणी हटलं म्हणून गाव मागे पडलं आणि दुसऱ्याने पाणी हटवलं म्हणून गाव वाढलं.

न्यूकॅसलचं मात्र वेगळंच, तिथे नाव कोळशाच्या मागोमाग गेलंय. इंग्लंडातल्या टाइन नदीवरच्या न्यूकॅसलचा कोळसा शेकडो वर्षं समुद्रमार्गे लंडनला जायचा. १७९७ मध्ये ऑस्ट्रेलियात लेफ्टनंट शॉर्टलंड पळालेल्या कैद्यांना शोधत निघाला आणि हंटर नदीच्या मुखाशी त्याला कोळसा दिसला (कैदी राहिले बाजूला), मग १८०४ मध्ये तिथे कैद्यांचीच वसाहत झाली आणि कोळसाही त्यांच्याकडूनच खणून घेतला. नाव न्यूकॅसल, दुसरं काय असणार! आज हंटरवरचं बंदर कोळशाच्या निर्यातीत जगातल्या सगळ्यात मोठ्या बंदरांपैकी आहे आणि टाइनच्या काठावर लोक जहाजं आली की वर उचलला जाणारा पायी चालायचा पूल बघायला जातात. धंदा धाकट्याकडे गेला आणि थोरला रिटायर झाला, मला तरी टाइनवाल्याचंच बरं वाटतं.

आणि पोर्टलंड. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात विलामेट नदीकाठच्या जमिनीचे दोन मालक, लव्हजॉय मॅसॅच्युसेट्सचा, म्हणजे धाकट्या बोस्टनच्याच राज्यातला, म्हणून त्याला बोस्टन हवं, पेटीग्रोव्ह मेन राज्यातला म्हणून त्याला तिथल्या बंदराचं नाव, पोर्टलंड, हवं. १८४५ मध्ये नाणं उडवलं, तीनपैकी दोन वेळा जिंकेल त्याचं खरं, आणि पेटीग्रोव्ह जिंकला. नाणं वेगळं पडलं असतं तर आज तिसरं बोस्टन बघत बसले असते. शिवाय मेनमधलं पोर्टलंडही उसनंच, ते नाव इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंडवरून घेतलेलं. मेनचं थेट समुद्रावर आणि ओरेगनचं समुद्रापासून चांगलंच आत, पण तिथपर्यंत जहाजं येतात ती नद्यांमुळे, म्हणून बंदर म्हणून तेही खपून गेलं.

ओरेगनच्या पोर्टलंडसमोर, कोलंबिया नदीच्या पलीकडच्या काठावर परत व्हँकुव्हर आहे! कॅनडातलं नाही, वॉशिंग्टन राज्यातलं. हडसन्स बे या फरचा व्यापार करणाऱ्या कंपनीचा किल्ला तिथे १८२५ पासून होता, कॅनडातलं शहर त्या नावाने झालं १८८६ मध्ये, तरी प्रत्येक वेळी 'ते नव्हे, हे' असा खुलासा करायची पाळी या जुन्यावरच. त्यात आणखी एक, ज्याचं नाव दोघांना मिळालं तो इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हर १७९२ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या खाडीत स्वतः गेला होता, कोलंबिया नदीत मात्र त्याने हाताखालच्या ब्रॉटनला पाठवलं. म्हणजे इथल्या पाण्यात साहेब स्वतः कधी आलेच नाहीत.