पाय गेल्यानंतर मनाचं काय होतं

मला शुगर आहे, अंगठ्याला जखम झाली त्यातनं गँगरीन वर चढलं आणि डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. टाके, ड्रेसिंग, गोळ्या सगळं समजावून सांगतात ओ, पण मनाचं काय होतं ते कुणी सांगत नाही म्हणून लिहितोय.

घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांची रांग. प्रत्येकाची नजर आधी चादरीखाली पाय संपतो तिथं, मग तोंडाकडं. "जीव वाचला हेच लय झालं" म्हणायचे, खरंच होतं ते, पण मी यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, जन्मभर उभ्यानं काम केलेला माणूस, आता संडासला जायचं तर बायकोच्या खांद्याला धरायचं. झोप गेली, कुणाशी बोलावंसं वाटेना, पोरगी भाकरी आणि शेंगाचटणी पुढं ठेवायची ती तशीच राहायची.

त्यात ते दुखणं. नसलेल्या पायाची बोटं रात्री वळून यायची, अंगठा कुणीतरी पिरगाळतंय असं. घरच्यांना सांगितलं तर ते एकमेकांकडं बघायचे, मला वाटलं आपलं डोकंच फिरलं. शेवटी फिजिओ मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "काका, हे खरं दुखणं आहे, फँटम पेन म्हणतात, पाय गेलेल्या बहुतेकांना होतं, मेंदूच्या लेखी तो पाय अजून आहे." मी तिथंच रडलो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी खरं मानलं.

त्यांनीच आरसा शिकवला. मूळचे तमिळनाडूचे आणि अमेरिकेत काम करणारे डॉ. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत आणली. दोन पायांच्या मधे आरसा उभा धरायचा, आरशाचं तोंड चांगल्या पायाकडं, आणि आत बघत बोटं हळूहळू उघडायची मिटायची. आरशात दोन्ही पाय दिसतात, वळलेली बोटं सुटल्यासारखी वाटतात. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, मला आला. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी पण गोळी दिली, ती उदासीला आणि नसांच्या दुखण्याला दोन्हीला चालते म्हणाले. त्यांच्याकडं जायला घरच्यांना लाज वाटत होती, मला नाही वाटली.

मग जयपूर फूट, म्हणजे नकली पाय. जयपूरला १९६८ मध्ये आपल्या माणसांसाठीच बनवलेला, अनवाणी चालता येतं, मांडी घालता येते. स्टंप, म्हणजे कापून उरलेला पाय, हळूहळू बारीक होतो, तो ज्यात बसतो ते नकली पायाचं सॉकेट सैल पडतं, मग मोज्यावर मोजा चढवायचा आणि सोलापूरचा उन्हाळा म्हणजे आत घामानं नुसती चिकचिक, मोजे बदलत राहावंच लागतं नाहीतर कातडी सोलते. पण लग्नात पंगतीत खाली मांडी घालून बसलो तेव्हा शेजारच्या पाव्हण्याला कळलंसुद्धा नाही, पोटभर जेवलो त्या दिवशी.

आता कारखान्यात टॉवेलच्या चेकिंगला बसून काम करतो. गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला पण गेलो, नंदीध्वज बघताना एका पोरानं सरळ विचारलं पायाला काय झालं, त्याला पँट वर करून दाखवलं, मला बरं वाटलं.

कुणाच्या घरी असं माणूस असेल तर त्याला भेटायला गेल्यावर झोप येते का, काय दुखतं, हे विचारा. एकदम कोसळल्यासारखं वाटलं तर टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.