बिझनेस ईमेलच्या प्लॅनमध्ये एमएफए मिळतं का? आमच्या ऑफिसचा अनुभव

सायबर इन्शुरन्सच्या फॉर्ममध्ये एक साधा प्रश्न होता, सगळ्या ईमेल अकाउंट्सना मल्टी-फॅक्टर ऑथेंटिकेशन (एमएफए, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरच्या कोडसारखी दुसरी खात्री; यालाच टू-स्टेप किंवा टू-फॅक्टरही म्हणतात) चालू आहे का, हो किंवा नाही. सरांनी फॉर्म माझ्याकडे दिला कारण ऑफिसात कॉम्प्युटरचं काहीही निघालं की माझ्याकडेच येतं. आमच्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस बेसिक आहे, बरेच वर्षं जुनं. ज्यांच्यामार्फत ते घेतलं होतं त्यांना फोन केला तर ते म्हणाले, बेसिकमध्ये एमएफए येत नाही, त्यासाठी सगळ्यांना प्रीमियमवर न्यावं लागेल, कोटेशन पाठवतो.

कोटेशन आलंही लगेच. पण मला ते पटेना, कारण माझ्या स्वतःच्या फुकटच्या मेलला सुद्धा टू-स्टेप आहे, मग पैसे भरून घेतलेल्या मेलला का नसावं? म्हणून सरांना म्हटलं, सर थांबा, मी आधी बघते.

आणि खरं असं आहे की एमएफए बेसिकमध्येही आहे, स्टँडर्डमध्येही आहे, प्रीमियममध्येही आहे, जादा एक रुपया लागत नाही. ज्या सेटिंगने ते सगळ्यांना चालू होतं त्याचं नाव सिक्युरिटी डिफॉल्ट्स. २२ ऑक्टोबर २०१९ पासून उघडलेल्या ऑफिसच्या (एकेका माणसाच्या नव्हे) नवीन अकाउंट्समध्ये ते बहुतेक आधीपासून चालू असतं, त्याआधीच्या जुन्यांमध्ये बंद असू शकतं, आणि आमचं जुनं असल्यामुळे बंदच निघालं. एंट्रा ॲडमिन सेंटरमध्ये, म्हणजे ऑफिसची लॉगिन सांभाळायच्या मायक्रोसॉफ्टच्या साइटवर (एंट्रा आयडी म्हणजे आधीचं अझ्युर एडी, २०२३ मध्ये नाव बदललं), प्रॉपर्टीजच्या पानावर अगदी खाली मॅनेज सिक्युरिटी डिफॉल्ट्स अशी लिंक आहे, तिथे स्पष्ट दिसतं चालू की बंद. एवढं बघायला ॲडमिनचा लॉगिन पुरतो.

मग प्रीमियममध्ये जास्त काय मिळतं? कंडिशनल ॲक्सेस. म्हणजे नियम आपण ठरवायचे, अमुक ग्रुपला दरवेळी विचारा, ऑफिसच्या नेटवर्कवरून असेल तर नको, ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवरूनच मेल उघडू दे, असं. सिक्युरिटी डिफॉल्ट्समध्ये यातलं काही नाही, सगळ्यांना एकच नियम, कुणाला वगळता येत नाही. मोठ्या ऑफिसला, किंवा जिथे लोक सारखे फिरतीवर असतात तिथे प्रीमियम घेण्यात अर्थ आहेच, मी नाही म्हणत नाही. पण नुसत्या एमएफएसाठी प्लॅन वाढवायला सांगणं हे मला अजूनही चुकीचं वाटतं, कारण हे ऐकून कितीतरी छोटी ऑफिसं "परवडत नाही" म्हणून एमएफएशिवायच राहत असतील.

बटण दाबायच्या आधी मात्र तयारी करावी लागली, आणि खरं काम तिथेच होतं.

सगळ्यात मोठी अडचण चौकशीच्या मेलबॉक्सची. एकच पासवर्ड, चार-पाच जणांना माहीत, आणि कोड कुणाच्या फोनवर येणार? याचं उत्तरही प्लॅनमध्येच होतं. त्या मेलबॉक्सला शेअर्ड मेलबॉक्समध्ये बदललं आणि ज्यांना लागतो त्यांना परवानगी दिली. आता प्रत्येकजण आपल्या स्वतःच्या लॉगिनने आत येतो आणि तो मेलबॉक्स बाजूला उघडतो. त्याचा थेट लॉगिन बंद करून टाकला, म्हणजे तो सगळ्यांना माहीत असलेला पासवर्ड निकामी झाला. शिवाय ५० जीबीपर्यंत शेअर्ड मेलबॉक्सला लायसन्स लागत नाही, म्हणजे आमचं एक लायसन्स उलट वाचलंच.

दुसरा प्रश्न स्कॅनरचा. स्कॅन केलं की मशीन मेल पाठवतं आणि त्यासाठी त्याच्यात एका मेल आयडीचा पासवर्ड भरून ठेवलेला असतो. सिक्युरिटी डिफॉल्ट्स चालू केले की असं नुसत्या पासवर्डवर चालणारं सगळं बंद पडतं, आणि ते बंद पडायलाच हवं, कारण आयमॅप, पॉप, एसएमटीपी (मेल आणायच्या-पाठवायच्या पद्धती) जुन्या तऱ्हेने नुसत्या पासवर्डवर चालवल्या तर त्यात दुसरा प्रश्न विचारायची सोयच नाही, पासवर्ड मिळाला की माणूस आत. पुढच्या दाराला कितीही कुलपं लावली आणि मागचं उघडं ठेवलं तर काय उपयोग. स्कॅनरसाठी डायरेक्ट सेंड म्हणून एक पद्धत आहे ती वापरली, त्यात पासवर्डच लागत नाही, आपल्या डोमेनचा एमएक्स पत्ता (आपले मेल ज्या सर्व्हरवर येतात तो) आणि पोर्ट २५ टाकायचं, ऑफिसच्या इंटरनेटचा स्थिर आयपी एसपीएफ रेकॉर्डमध्ये (आपल्या डोमेनच्या नावाने कुठून मेल जाऊ शकतात त्याची यादी) घालायचा. फक्त यातून मेल आपल्याच ऑफिसच्या पत्त्यांवर जातात, बाहेर नाही. आमचं तेवढ्यावर भागतं, आधी स्वतःला स्कॅन करायचं आणि मग पुढे पाठवायचं.

मग माणसं. अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या, "माझ्या फोनवर ऑफिसचं ॲप कशाला? माझे फोटो, मेसेज सगळं दिसेल ना तुम्हाला?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि तो झटकून टाकू नये असं मला वाटतं. मी त्यांच्या शेजारी बसले, फोन त्यांच्याच हातात ठेवला. ऑथेंटिकेटर ॲप घेतलं, कॅमेऱ्याची परवानगी मागितली ती क्यूआर कोड स्कॅन करण्यापुरती, कोड स्कॅन झाला, मग लॅपटॉपवर दोन आकडी नंबर आला आणि फोनवर रिकामी चौकट, तोच नंबर तिथे टाकायचा. "बस, एवढंच?" एवढंच. त्यांना हेही सांगितलं की तुम्ही लॉगिन करत नसताना असा मेसेज आला तर तुमचा पासवर्ड दुसऱ्या कुणाकडे गेलाय, नाही म्हणायचं आणि मला लगेच सांगायचं. आधी नुसतं अप्रूव्हचं बटण असायचं, लोक वैतागून दाबून टाकायचे आणि चोर आत, म्हणून मे २०२३ पासून मायक्रोसॉफ्टने हे नंबर टाकणं सगळ्यांना सक्तीचं केलं. त्याच ॲपमध्ये दर ३० सेकंदांनी बदलणारा कोडही असतो, तो नेट नसतानाही चालतो.

आमच्या एका सहकाऱ्यांकडे स्मार्टफोन नाही, साधा फोन आहे आणि ते बदलणार नाहीत. सेटअपच्या पानावर दुसरं ऑथेंटिकेटर ॲप वापरायचंय असा पर्याय असतो, तो घेऊन त्यांचा कोड कॉम्प्युटरवरच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये बसवला. दोन्ही गोष्टी एकाच मशीनवर येतात हे आदर्श नाही, पण नुसत्या पासवर्डपेक्षा कितीतरी बरं.

सगळं चालू केल्यावर दोघं-तिघं विचारायला आले की आम्हाला तर कोड विचारतच नाही, चालू आहे ना नक्की? चालू असतं. ॲडमिनला ॲडमिनच्या पानांवर दरवेळी विचारतं, बाकीच्यांना मात्र गरज वाटेल तेव्हाच, म्हणजे नवीन डिव्हाइस असेल, नेहमीपेक्षा वेगळं ठिकाण असेल तेव्हा.

ओळखीच्या इतरांनी विचारलं म्हणून त्यांचंही बघितलं. गुगल वर्कस्पेसमध्ये सगळ्या एडिशनमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन आहे, पण ॲडमिन कन्सोलमध्ये "परवानगी" आणि "सक्ती" या वेगळ्या गोष्टी आहेत, नुसती परवानगी दिली तर ज्याला वाटेल तोच लावतो. सक्तीची तारीख टाकून ठेवायची, आणि त्याआधी कोण राहिलंय ते रिपोर्टमध्ये बघायचं, नाहीतर तो माणूस त्या दिवशी बाहेर अडकतो. झोहो मेलमध्येही आहे. खरी काळजी वेबसाइटच्या होस्टिंगसोबत मिळणाऱ्या मेलबॉक्सची. तिथे कंट्रोल पॅनलच्या लॉगिनला टू-फॅक्टर लावता येतं आणि लोकांना वाटतं मेल पण सुरक्षित झाला, पण मेलबॉक्स आयमॅपने नुसत्या पासवर्डवर उघडत राहतो. अशा ठिकाणी विचारताना "एमएफए आहे का" एवढंच विचारू नका, "मेलबॉक्सला आहे का आणि आयमॅपने आत येता येतं का" असं विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

फॉर्मवर हो लिहिलं, सोबत सेटिंगचा स्क्रीनशॉट जोडला, प्लॅन बेसिकच राहिला.

आता उरलंय ते फोन बदलण्याचं. ऑफिसच्या अकाउंटला ॲपचा बॅकअप पुरत नाही, नवीन फोनवर परत जोडावंच लागतं. म्हणून सगळ्यांना सांगून ठेवलंय की जुना फोन फॉरमॅट करायच्या आधी सिक्युरिटी इन्फोच्या पानावर जाऊन नवीन फोन जोडा. फोन हरवलाच तर मी ॲडमिनमधून त्या माणसाचं रजिस्ट्रेशन पुन्हा करायला लावू शकते, आणि माझाच फोन गेला तर सरांचं वेगळं ॲडमिन अकाउंट बनवून ठेवलंय, त्याचा एमएफए त्यांच्या फोनवर आहे.