एमएक्स-५ च्या टायरमधली हवा: ट्रॅकचा आकडा कसा सापडला

माझ्या माझदा एमएक्स-५ या छोट्या स्पोर्ट्स कारच्या टायरमधल्या हवेची दोन सेटिंग आता पक्की झाली आहेत. रस्त्यासाठी चारही टायरमध्ये थंड असताना २९ पीएसआय (दाबाचं एकक, पाउंड प्रति चौरस इंच). ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवायच्या दिवशी, थंड असताना डावीकडे २६ आणि उजवीकडे २७, म्हणजे चार लॅप झाल्या की चारही टायर ३२-३३ च्या घरात येतात. रस्त्याचा आकडा माझदाने दाराजवळच्या स्टिकरवर छापलेलाच आहे. ट्रॅकचा मात्र शोधावा लागला, आणि ही नोंद मुख्यतः त्याचीच आहे.

आधी गाडी. चौथ्या पिढीची एमएक्स-५, म्हणजे एनडी. टायर २०५/४५ आर१७, सस्पेन्शन कंपनीचंच, पुढचा कॅम्बर (चाकाचा उभा कल, उणे म्हणजे वरची बाजू आत झुकलेली) उणे दीड अंशाच्या आसपास. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, आणि वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं. म्हणून पुढे-मागे एकच आकडा चालतो. ज्यांच्याकडे पोर्शे ९११ आहे त्यांच्या स्टिकरवर मागचा आकडा पुढच्यापेक्षा जास्त असतो, कारण इंजिनच मागच्या चाकांवर बसलेलं आहे. होंडा एस२००० ला ३२ सांगितलेत, सहाव्या पिढीच्या कॉर्व्हेटला ३०. तेव्हा माझे आकडे उचलू नका, पद्धत उचला.

आणि साईडवॉलवरचा, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर छापलेला, आकडा हा सल्ला नसतो. तो टायरची कमाल मर्यादा सांगतो. टायर कोणत्या गाडीला लागणार हे टायर बनवणाऱ्याला ठाऊक नसतं. गाडी बनवणाऱ्याला असतं. सुरुवात नेहमी स्टिकरपासून करायची.

थंड आणि गरम

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. गाडी किमान तीन तास उभी असावी, किंवा फार तर दीडेक किलोमीटर सावकाश चाललेली असावी. एका बाजूला ऊन लागत असेल तर त्या बाजूचे टायर जास्त दाखवतात, म्हणून मी सकाळी, ऊन यायच्या आत मोजतो.

टायरमधली हवा तापली की दाब वाढतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण किती वाढतो याचं गणित एकदा हाताने करून बघा, फार उपयोगी पडतं. गेज वातावरणापेक्षा जास्तीचा दाब दाखवतो, म्हणून त्यात आधी वातावरणाचे १४.७ मिळवायचे. तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायचं, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचे. २० अंशाला २९ पीएसआय भरले तर खरा दाब ४३.७. आतली हवा ६५ अंशांवर गेली तर ४३.७ गुणिले ३३८ भागिले २९३, म्हणजे ५०.४. त्यातून १४.७ वजा केले की गेजवर ३५.७. जवळजवळ सात पीएसआय वाढले, आणि आत हवेचा एक कणही जादा गेलेला नाही. साध्या रस्त्यावर आतली हवा ४० अंशांपर्यंत गेली तर हीच वाढ तीनच पीएसआय असते.

तेच गणित उलट दिशेनेही चालतं. तापमान १० अंशांनी उतरलं की २९ चे साडेसत्तावीस होतात. उबदार गॅरेजमध्ये २० अंशांना हवा भरली आणि बाहेर ५ अंश असतील, तर टायर गार झाल्यावर २७ पण उरत नाहीत. ऋतू बदलला की एकदा गेज लावायलाच हवा, आणि डॅशबोर्डवरच्या कमी हवेचा इशारा देणाऱ्या दिव्याच्या भरवशावर मुळीच राहू नये. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस १३८ या वाहनसुरक्षेच्या नियमाप्रमाणे दाब २५ टक्क्यांनी खाली गेला की दिवा लागला पाहिजे. माझ्या गाडीच्या हिशोबात ते २२ पीएसआयच्या आसपास येतं. तो दिवा धोका टाळण्यासाठी आहे. गाडी नीट वळावी यासाठी त्याच्या कितीतरी आधी हवा बघावी लागते.

ट्रॅकवर

ट्रॅकवर थंड आकड्याला स्वतःची अशी किंमत नाही. टायर काम करतो तो गरम असताना, म्हणून आधी गरम आकडा ठरवायचा आणि त्यावरून मागे येत थंड आकडा काढायचा. हे एकदा पटलं की पुढचं सगळं सोपं होतं, आणि गरम आकडा न सांगता नुसता 'मी २६ ठेवतो' असं कोणी म्हटलं तर त्यातून काही कळत का नाही, हेही लक्षात येतं. हवा १५ अंश असतानाचे २६ आणि ३५ अंश असतानाचे २६ यांत एका दिवसावरून दुसऱ्याला लागू पडेल असं काही सारखं नाही.

मी स्टिकरवरच्या २९ वरूनच सुरुवात केली. गरम झाल्यावर ३६ च्या जवळ गेले. पहिल्या दोन लॅप छान, मग पुढचा भाग वळणाच्या मध्यावर बाहेर सरकायला लागला, आणि स्टिअरिंग जास्त वळवून काही उपयोग होईना. पिटमध्ये (ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबवायच्या जागी) येताच पायरोमीटरची, म्हणजे टायरचं तापमान मोजणाऱ्या यंत्राची, सुई ट्रेडमध्ये (रस्त्याला टेकणाऱ्या रबरात) खुपसून बाहेर, मध्ये आणि आत अशा तीन जागी तापमान घेतलं. मधला पट्टा दोन्ही कडांपेक्षा गरम होता. याचा अर्थ टायर मध्ये फुगलाय आणि कडा हव्या तेवढ्या टेकत नाहीत. कडा गरम आणि मधला भाग थंड असेल तर हवा कमी. आतली कड थोडी जास्त गरम असणं मात्र नॉर्मल आहे, उणे कॅम्बर असला की ती राहणारच.

पायरोमीटर सुईवालाच घ्या असं मी आग्रहाने सांगेन. इन्फ्रारेड गन फक्त वरचा थर वाचते, आणि तो थर पिट लेनमध्ये येईपर्यंत गार झालेला असतो. सुई रबराच्या आत जाते, तिथली उष्णता टिकून राहते.

मग मुद्दाम दुसऱ्या टोकाला गेलो: थंड असताना २४. निघण्याआधी टायरच्या शोल्डरवर, म्हणजे कडेच्या गोलाईवर, ट्रेडपासून साईडवॉलपर्यंत, खडूची आडवी रेघ ओढली. सेशननंतर ती रेघ साईडवॉलवरच्या छोट्या त्रिकोणाच्याही (मी टायर तिथपर्यंतच लोळलेला चालवून घेतो) खालपर्यंत पुसली गेली होती. टायर शोल्डरवरून लोळत होता. ते चालवतानाही जाणवत होतं: स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी आधी थबकायची आणि मग वळायची, डावी-उजवी वळणं लागोपाठ आली की मागचा भाग उशिरा सावरायचा. बाहेरची कड सगळ्यात गरम. साईडवॉल इतका मुडपला की टायर आतून तापतो, झीजही लवकर होते, म्हणून २४ ला मी पुन्हा गेलो नाही.

२६ वर तिन्ही तापमानं जवळ आली, खडू त्रिकोणापाशी थांबला, आणि पुढचा भाग वळणात शेवटपर्यंत टिकून राहिला. तिथून अर्ध्या-अर्ध्या पीएसआयने खालीवर करत बसलो. या टप्प्यात मला सगळ्यात जास्त मजा आली, कारण अर्धा पीएसआयसुद्धा हाताला कळतो.

डावी-उजवी बाजू वेगळी का? आमचा ट्रॅक घड्याळाच्या दिशेने चालतो, बहुतेक वळणं उजवीकडची. भार सगळा डाव्या टायरांवर, म्हणून तेच जास्त तापतात. थंड असताना सारखे भरले की गरम झाल्यावर डावे पुढे निघून जातात. म्हणून डावीकडे एक कमी.

मोजण्याची वेळ रोज एकच ठेवा. लॅप संपवून थेट पिटमध्ये, लगेच गेज. गाडी उभी राहिली की तापलेल्या ब्रेक डिस्कची उष्णता रिमकडे येते आणि आकडा अजून चढू शकतो. उलट सावकाश एक लॅप मारून आलात तर उतरलेला दिसेल. दोन्ही आकडे खरेच आहेत, पण एकमेकांशी ताडून बघण्याच्या कामाचे नाहीत. गेजही एकच वापरा, हवा सोडायचं बटण असलेला डायलवाला. दोन गेज एकमेकांशी जुळले नाहीत तरी चालतं, आपला गेज रोज स्वतःशी जुळला पाहिजे.

घरी निघण्याआधी हवा पुन्हा भरायची, हे विसरू नका. गरम टायरमधून ट्रॅकवर हवा सोडलेली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर धोकादायक कमी हवेवर असतात.

पाऊस

ओल्या ट्रॅकवर मी २९ च ठेवतो. टायर तापतच नाही, म्हणून २६ वरून निघालो तर ३२ कधी येतच नाहीत. दुसरं कारण पाण्याचं. नासाच्या संशोधकांनी १९६३ मध्ये विमानांच्या टायरवरून एक सूत्र मांडलं: टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाबरोबर वाढतो. पीएसआयच्या वर्गमुळाला १०.३५ ने गुणलं की ताशी मैल मिळतात. २९ ला ते ताशी ९० किलोमीटरच्या जवळ येतं, २२ ला ७८. कारच्या टायरला खाचा असतात, पाणीही दर वेळी तितकं खोल नसतं, त्यामुळे हे आकडे शब्दशः धरू नयेत. पण दिशा स्पष्ट आहे: पावसात कमी हवा ठेवू नये.

नवे टायर आणि नायट्रोजन

कंपनीचे टायर ८४ लोड इंडेक्सचे (एक टायर किती भार पेलतो याचा सांकेतिक आकडा) होते, नवे ८८ चे, एक्स्ट्रा लोड, म्हणजे जादा भारासाठी बनवलेले. ८८ म्हणजे ५६० किलो, पण तो भार पेलायला ४२ पीएसआय लागतात. ८४ चे ५०० किलो ३६ वरच मिळतात. २९ वर दोन्ही टायर जवळपास सारखाच भार पेलतात, त्यामुळे मी स्टिकरचा आकडा बदलला नाही. लोड इंडेक्स तोच ठेवून साध्या टायरऐवजी एक्स्ट्रा लोड घेत असाल, तर मात्र थोडी हवा वाढवावी लागते.

नायट्रोजनबद्दल वारंवार विचारलं जातं. आपल्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, आणि कोरडी हवा व नायट्रोजन तापल्यावर सारखेच वाढतात. त्रास ओलाव्याचा. माझ्या कंप्रेसरला पाणी काढणारा फिल्टर आहे, मला तेवढं पुरतं.

पुढचं काम कॅम्बरचं. पुढे उणे दोनपर्यंत नेणार आहे. आतली कड आणखी तापेल आणि बाहेरच्या शोल्डरवरचा भार कमी होईल, म्हणजे कदाचित अर्धा पीएसआय खाली जाता येईल. तीन जागांची तापमानं, गरम दाब आणि त्या वेळचं हवेचं तापमान, असं तिन्ही मिळून पुढच्या नोंदीत देईन.